लादीमागचा दिवा

११ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि मुंगी बरे असाल. इकडे सगळं ठीक आहे असं मी दर वेळी लिहिते. या वेळी ते पुरतं खरं नाही, म्हणून आधी घडलं तेवढंच क्रमाने लिहिते.

१. शनिवारी सकाळी कारखान्यात बाबांचा डावा पाय मिठाच्या पाण्याच्या टाकीत गुडघ्यापर्यंत गेला.

२. बर्फाचा साचा उचलण्यासाठी टाकीवरची एक फळी काढून बाजूला ठेवलेली होती. तिथे उघडं आहे हे बाकी सगळ्यांना दिसत होतं.

३. साचे उचलणाऱ्या यारीवरच्या लंबूने काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. हाड मोडलेलं नाही. नडगी सोलवटली आहे आणि दोन बोटं अजून बधिर आहेत.

४. बाबा म्हणतात, पाय घसरला. फळ्या कोरड्या होत्या.

५. दवाखान्यात पायाला पट्टी बांधली. मग डॉक्टरीणबाईंनी बॅटरी त्यांच्या डोळ्यांवर धरली आणि आम्हाला तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं.

६. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यातला पूर्ण पिकलेला, डाव्यातला त्याच्या मागोमाग.

७. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुढच्या बुधवारची, वीस तारखेची वेळ मिळाली आहे. बाबा नाही म्हणतात.

घडलं ते एवढं. यापुढचं मला असं ओळीने लावता येत नाही. कशामुळे काय झालं हे मलाच नीट उमजलेलं नाही.

फोन करणार होते. पण फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस आणि मग मला पुढचं सुचत नाही.

तुझ्या जानेवारीतल्या पत्रात मुंगीचे शाळेचे प्रश्न होते, आणि शेवटी एक परिच्छेद होता. मी अजून कशालाच उत्तर दिलेलं नाही. प्रश्न आधी घेते, ते सोपे आहेत.

मुंगीने विचारलंय, साखर चहात वितळते लिहिलं तर बाई मार्क का कापतात. तिला सांग, बाईंचं बरोबर आहे. वितळायला पदार्थ एकटा पुरतो. त्याला उष्णता मिळाली की झालं. विरघळायला मात्र दुसरा कोणीतरी लागतो. बर्फ वितळतो, साखर विरघळते. आमच्याकडे कारखान्यातसुद्धा सगळे बर्फ ‘विरघळला’च म्हणतात, पण ते परीक्षेला बसत नाहीत.

दुसरं, गढूळ पाण्याला द्रावण का म्हणायचं नाही. द्रावणात विरघळलेला पदार्थ इतका बारीक वाटला गेलेला असतो की प्रकाश त्यातून सरळ जातो. साचे ज्यात बुडवून गोठवतात ते टाकीतलं मिठाचं पाणी जिभेला लावता येणार नाही इतकं खारट आहे, पण पेल्यात घेतलं तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. गढूळ पाण्यातले कण विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. ते प्रकाशाला अडवतात आणि वाटेल तिकडे भिरकावतात. ठेवून दिलं की खाली बसतात. द्रावण कितीही दिवस ठेवलं तरी खाली काही बसत नाही. ते गाळूनही उपयोग नाही. मीठ परत हवं असेल तर पाण्यालाच वाफ करून घालवावं लागतं.

तिसरा प्रश्न तिच्या पुस्तकातला नाही, तो तुझ्याकडून तिच्याकडे गेलेला आहे. पाणी स्वच्छ असतं, मग बर्फाच्या लादीच्या पोटात पांढरं कुठून येतं?

हे तू मला शिकवलंस, मी कॉलेजात जायच्या कितीतरी आधी. पाणी बाहेरून आत गोठत येतं. गोठताना ते फक्त पाण्यालाच जागा देतं. त्यात विरघळलेले क्षार, हवा, जे काही असेल त्याला आत ढकलत नेतं. शेवटी सगळं मधल्या उरलेल्या पाण्यात कोंडलं जातं आणि तेही गोठलं की लादीच्या पोटात धुकं दिसतं. म्हणून साच्यात हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवायचं, आणि पोट गोठायच्या आधी तिथलं पाणी पंपाने ओढून ताजं भरायचं. म्हणजे लादी काचेसारखी निघते.

निघाली की नाही हे ठरवतात बाबा. अजूनही तसंच चालतं. लादी साच्यातून सुटून लाकडी घसरणीवर आली की तिच्या मागे दिवा धरायचा आणि पुढून बघायचं. दिव्यातली तार दिसली तर पास, नाहीतर क्रशरमध्ये. पूर्वी दिवा तू धरायचीस. आई गेल्यावर आपल्या दोघींना घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून बाबा सुट्टीच्या दिवशी कारखान्यात घेऊन जायचे, मला गोणपाटावर बसवायचे आणि तुझ्या हातात दिवा द्यायचे. मला आठवतं ते असं: लादीच्या अलीकडे बाबा, पलीकडे तू, आणि लादीतून तुझं तोंड लांबट झालेलं. तू पलीकडूनच ‘पास’ म्हणायचीस, बाबांच्या आधी. ते चिडायचे आणि मग म्हणायचे, पास. तू गेल्यापासून दिवा खुंटीला टांगलेला असतो. लादी त्याच्यासमोर ढकलतात.

तर जानेवारीपासून बाबा लाद्या नापास करू लागले.

आधी अधूनमधून एखादी, मग सकाळच्या निम्म्याहून जास्त. म्हणायचे, पोटात धूर आहे. हॉटेलांना द्यायचा माल क्रशरमध्ये जायला लागला, तेव्हा मॅनेजर माझ्याकडे प्रयोगशाळेत आले. म्हणाले, बाई, पाणी तुमचं, बघा काय ते. मी पाणी तपासलं. क्षार नेहमीएवढेच. गाळणीतली वाळू बदलली. हवेच्या नळ्या सोडवून धुतल्या. पोटातलं पाणी आधी ओढून पाहिलं, नंतर ओढून पाहिलं. यंत्रं चुकत असतील म्हणून यंत्रं तपासून घेतली, दिवाही पाहिला. प्रत्येक वेळी आकडे बरोबर आणि बाबा म्हणतात, धूर आहे.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो ते लिहिते. बाबांशिवाय धूर कोणालाच दिसत नव्हता असं नाही. सगळ्यांना दिसत होता. लंबू यारीवरून खाली उतरून लादीपुढे वाकायचा आणि म्हणायचा, आहे खरा, मास्तर, डाव्या अंगाला आहे. पंपवाला म्हणायचा, डाव्या नाही, मधोमध. दोघांची त्यावरून जुंपायची. मॅनेजरनी चष्मा पुसून पाहिलं आणि त्यांनाही थोडा दिसला. मीही पाहिलं. ताई, मलाही दिसला. एक पातळ, दुधट पदर. मी शपथेवर सांगितलं असतं.

मला वाटतं मी बाबांच्या नजरेला नजर म्हणून कधी धरलंच नव्हतं. ती कारखान्यातली मोजपट्टी होती. मोजपट्टीप्रमाणे लादी आखूड भरली तर आपण लादीला दोष देतो.

मासळीच्या गोदामाची बाई तेवढी वेगळं बोलली. ती आमच्याकडून भुगा नेते. एकदा क्रशरपाशी रांगेत लावलेल्या लाद्या बघून तिने विचारलं, मास्तर, काचेचा कारखाना काढलाय का? असला माल फोडून माझ्या बांगड्यांवर घालताय, बांगडेच लाजतील. सगळे हसले. बाबा म्हणाले, तिची नजर मासळीची. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

गेल्या गुरुवारी दुपारी काम नव्हतं, म्हणून मुंगीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं. तिला समजावं म्हणून लिहिलं, की धूसरपणा हा काही वेगळा पदार्थ नाही, तो काढून बाटलीत भरता येत नाही. प्रकाश दिव्यापासून निघतो, लादीतून जातो आणि डोळ्यात शिरतो. या वाटेवर त्याला कुठेही कणांनी अडवलं तर आपल्याला धूर दिसतो. असं लिहिलं आणि थांबले. दिवा मी तपासला होता. लादी तपासली होती.

तो कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला. कोणाला काही बोलले नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी बाबांचा पाय टाकीत गेला.

तू विचारशील, दोन दिवस गप्प का बसलीस. मी पण तेच विचारते आहे. त्याचं उत्तर तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाकडे जातं आणि मी इतका वेळ त्याच्याभोवती फिरते आहे.

तू लिहिलं होतंस: इतक्या वर्षांनी मन घट्ट करून मुंगीला घेऊन आले होते. कारखान्याच्या गेटापाशी उभी राहिले. पाळी सुटली. बाबा समोरून आले, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून निघून गेले. मुंगीने विचारलं, हेच का आजोबा? मी म्हटलं, नाही. परतीची बस पकडली. आता मला त्यांचं काही लिहीत जाऊ नकोस.

ते वाचल्यापासून मी बाबांशी कामापुरतंच बोलत होते. त्यांना जेवायला वाढायचे आणि माझं ताट घेऊन आत जायचे. त्यांनी एकदा विचारलं, तुझं काही बिनसलंय का. मी म्हटलं, पाण्याचं कोडं सुटत नाहीये. तेही खोटं नव्हतं. तू लग्न करून गेलीस तेव्हा बाबा तुला काही बोलले नाहीत, भाऊजींना काही बोलले नाहीत, नुसते गप्प झाले. तूही गप्प झालीस. दोघांच्या मध्ये मी वाढले आणि मला कोणाची बाजू घ्यावी लागली नव्हती. जानेवारीत मी पहिल्यांदा घेतली. तुझी घेतली. आणि गुरुवारी तो कागद पुढ्यात आला. त्यांच्या डोळ्यांत दोष असेल, तर लाद्या ठीक होत्या. लाद्या ठीक होत्या, तर गेटापाशी काय झालं हे मला माहीत नव्हतं. मी दोन महिने त्यांना शिक्षा करत होते आणि ती कशाची हे मलाच सांगता आलं नसतं. म्हणून गप्प बसले. हे कारण पुरेसं नाही, पण हेच आहे.

काल रविवारी मी त्यांना विचारलं. ते पाय उशीवर ठेवून पडले होते. मी खिडकीपाशी खिशात हात घालून उभी होते.

“जानेवारीत गेटापाशी कोणी उभं होतं का, पाळी सुटताना?”

“गेटापाशी कोण ना कोण असतंच.”

“बाई होती. बरोबर एक मुलगी.”

त्यांनी उशीवरचा पाय जरा सरकवला. मग म्हणाले, “होती एक. ऊन तोंडावर होतं. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघतेय.”

“मग?”

“मग काय. ज्याची बघत होती तो आला असेल.”

त्यांनी विचारलं, का गं? मी म्हटलं, सहज. त्यांनी पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला, तो पेल्याच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदा बरोबर लागला. प्यायले आणि म्हणाले, “थोरली असती तर तिला दिसलं असतं.”

“काय दिसलं असतं, बाबा?”

“लादीतलं. दुसरं काय.”

तू गेल्यापासून त्यांनी तुझा उल्लेख केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता तू सांग, मी यातून काय समजू. त्यांनी तुला पाहिलं नसेल, तर ते जे बोलले ते तंतोतंत बसतं. समोर ऊन असलं की पिकलेल्या मोतीबिंदूला माणूस म्हणजे कडा नसलेला ठिपका असतो, डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. पण त्यांनी तुला पाहिलं असेल, ओळखलं असेल आणि ते पुढे गेले असतील, तरीही ते हेच बोलले असते. काल मी विचारेपर्यंत त्यांना मोतीबिंदूचं निमित्तही मिळालेलं होतं. बाबा खोटं बोलत नाहीत. पण दोन महिने ते खरं बोलत होते आणि ते खरं नव्हतं. एकाच आकड्याला दोन कारणं लागू पडत असतील तर मी प्रयोगशाळेत कुठलंच लिहीत नाही. इथे मला ते जमत नाहीये. सकाळी मला वाटतं त्यांना दिसलंच नसणार, आणि जेवताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की वाटतं, दिसलं होतं.

ऑपरेशनचं म्हणशील तर त्यांचं एकच म्हणणं आहे. आधी लादी नितळ निघू दे, मग डोळ्यांचं बघू. मी सांगून पाहिलं. डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं असतं, ती प्रथिनं गुठळ्या धरतात, अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर धरतो तशा. बर्फाचं पाणी होतं आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणून त्याला भौतिक बदल म्हणतात. अंडं पुन्हा कच्चं होत नाही. (हे मुंगीच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर धर, तिने तो खोडून टाकला होता तरी.) मोतीबिंदू थेंब टाकून जात नाही, भिंग काढून दुसरं बसवावं लागतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू मीटर बघ, धाकटे. लादी मी बघतो.

मॅनेजरनी सांगून टाकलंय, डोळे नीट झाल्याशिवाय मास्तरांनी फळ्यांवर पाऊल ठेवायचं नाही. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा असाच ठेवला तर आत दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर येणार नाही. बुधवारची वेळ गेली की पुढची कधी ते त्यांनाही सांगता येत नाही. दवाखान्याला पुढच्या सोमवारी, अठरा तारखेला सकाळी हो की नाही ते कळवायचं आहे.

ते माझं ऐकणार नाहीत. लंबूचं ऐकणार नाहीत, कारण लंबूला आता धूर दिसत नाही असं त्याने काल जाहीर केलं आणि बाबा म्हणाले, तुला परवा दिसत होता. ज्या नजरेवर त्यांचा स्वतःच्या नजरेइतका भरवसा आहे ती एकच आहे. तू लादीमागे उभी राहून दिवा धरलास आणि पलीकडून ‘पास’ म्हणालीस, तर मला वाटतं ते दवाखान्यात येतील. वाटतं म्हणते आहे. खात्री नाही.

‘त्यांनी तुला पाहिलंच नव्हतं’ एवढं एक वाक्य लिहून तुला बोलावता आलं असतं. तू आलीही असतीस. पण मला ते माहीत नाही आणि जे माहीत नाही ते सांगून तुला त्या गेटापाशी मी दुसऱ्यांदा उभं करणार नाही.

म्हणून विचारते. आधी कच्च्या कागदावर बरेच प्रश्न काढले होते: तू किती लांब उभी होतीस, ऊन कुठल्या बाजूला होतं, डोक्यावर ओढणी होती का. मग ते सगळे खोडले. एकच पुरेसा आहे.

तू हाक मारली होतीस का?

पत्रात तू पाहिल्याचं लिहिलं आहेस, वळल्याचं लिहिलं आहेस, मुंगी काय म्हणाली तेही लिहिलं आहेस. हाकेचं काही नाही. बाबांचे कान चांगले आहेत. कॉम्प्रेसरची झडप बिघडली तर त्यांना अंगणातून कळतं, भाऊजी तिथे कामाला होते, त्यांना विचार. तुझा आवाज त्यांना कळला नाही असं होणार नाही. तू हाक मारली असशील आणि ते चालत गेले असतील, तर डोळ्यांचा प्रश्नच नाही, तुझं खरं आहे, आणि मी तुला काही मागणार नाही. तू नुसतीच उभी राहिली असशील, त्यांनी आधी बोलावं म्हणून, तर मग तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होता आणि त्यांच्या वाट्याला ऊन होतं.

तुमच्यामधली ही इतकी वर्षं उलटणाऱ्या बदलात घालायची की न उलटणाऱ्या, हे मला पहिल्यापासून कळलेलं नाही. तुला कळत असेल तर तेही लिही. नसेल तर नको.

मुंगीचा कागद सोबत जोडला आहे. तिसऱ्या उत्तरात मध्येच ओळ तुटली आहे, ती मी नंतर पुरी केली. अक्षर बदललंय, तिला सांग की मावशीचंच आहे.

शनिवारपर्यंत, सोळा तारखेपर्यंत, मला उत्तर पोचेल असं कर. फक्त हो किंवा नाही. हो असेल तरी लिही. मग मी बाबांना पुन्हा विचारीन, आणि या वेळी खिडकीपाशी उभी राहून नाही.

नाही असेल, तर लिहीत बसू नकोस. ये, आणि हाक मार.

तुझी,
धाकटी